निबंधाशेजारी बसणारा माणूस

(पालक व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतील अनेक आजी-आजोबा अलीकडे वर्षातील काही महिने न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात, मुलाकडे नाहीतर मुलीकडे काढून येतात. परतल्यावर तिथल्या रस्त्यांचे, वाचनालयांचे आणि पानगळीचे वर्णन होते. परंतु ज्यांचे नातवंड शाळेच्या बाराव्या इयत्तेत असते, त्यांच्या बोलण्यात आणखी एक विषय हमखास येतो. सप्टेंबर उजाडला की त्या घरावर एका निबंधाचे सावट पडते. मुलगा खोलीचे दार लावून बसतो. आई दाराबाहेरून अंदाज घेते. वडील कुणा सहकाऱ्याच्या मुलाने गेल्या वर्षी काय लिहिले होते याची चौकशी करतात. शालेय वयात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर पहिला क्रमांक मिळविलेले आजोबा मोठ्या उमेदीने मदतीला पुढे होतात. त्यांची मदत सौजन्याने नाकारली जाते आणि ते किंचित दुखावतात.

या निबंधाला मदत करावी की नाही, करावी तर कोणी आणि कितपत, हा वरवर पाहता एका सुखवस्तू वर्गाचा घरगुती प्रश्न आहे. परंतु त्याच्या मुळाशी शिक्षणातील विषमतेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचा जरा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हा निबंध म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत निवड करून प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांकडे अर्ज करताना सतरा वर्षांच्या मुलाला गुणपत्रक, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेबाहेरील उद्योगांची यादी यांच्या जोडीला स्वतःविषयी काही लिहून पाठवावे लागते. १९७५ साली पंधरा खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक सामायिक अर्ज ठरविला. ‘कॉमन ॲप्लिकेशन’ या नावाने तो प्रसिद्ध आहे आणि आज एक हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात. त्यातील निबंध कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असावा लागतो. विषय सात, त्यांपैकी शेवटचा अर्जदाराच्या मर्जीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे सार्वजनिक विद्यापीठ असून त्याचा अर्ज निराळा आहे. तेथे आठ प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत, लिहावयाची असतात. अर्थात सारी अमेरिका हा निबंध लिहीत नाही. तेथील कम्युनिटी कॉलेजे येईल त्याला प्रवेश देतात आणि लाखो विद्यार्थी तिथेच शिकतात. मात्र ज्या थोड्या संस्थांतून त्या देशाचे न्यायाधीश, मंत्री आणि कंपन्यांचे प्रमुख मोठ्या प्रमाणावर निघतात, तिथे निबंधावाचून दार उघडत नाही.

हे दार आहे तसे का बनले, याचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, कोलंबिया आदी विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले त्या परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊ लागली आणि संस्थाचालकांची झोप उडाली. कोलंबियाने १९१९ मध्ये अर्जात धर्म, वडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे नाव हे प्रश्न घातले आणि छायाचित्र मागविले. हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. परंतु १९२६ मध्ये त्याच संस्थेने ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना प्रवेशाच्या कसोटीत मानाचे स्थान दिले, आणि उघड मर्यादेने जे साधावयाचे होते ते या मोघम शब्दांनी बिनबोभाट साधले. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा व्यवहार कागदपत्रांनिशी मांडला आहे. ‘आम्हाला केवळ गुण नकोत, संपूर्ण माणूस पाहावयाचा आहे’ ही भाषा आज उदारमतवादी वाटते. तिचा जन्म मात्र काही माणसे बाहेर ठेवण्यासाठी झाला. साधने आपला जन्म विसरून पुढे निराळ्या कामी येऊ शकतात, हे मान्य. पुढे याच ‘संपूर्ण माणूस’ पाहण्याच्या पद्धतीने अनेक संस्थांनी कृष्णवर्णीय आणि गरीब विद्यार्थ्यांना आत घेतले, हेही नमूद केले पाहिजे.

आता अर्थशास्त्राकडे वळू. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक विचार मांडला. त्याला पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत प्रत्यक्ष दिसत नाही. म्हणून तो पदवीसारखी एखादी खूण पाहतो. ही खूण उपयोगी केव्हा ठरते? जेव्हा कुवत असलेल्याला ती मिळविणे सोपे आणि नसलेल्याला अवघड असते तेव्हा. खूण जर बाजारात पैसे टाकून मिळत असेल, तर ती कुवतीविषयी काही सांगत नाही, खिशाविषयी सांगते. प्रवेशाच्या निबंधाचे आज हेच झाले आहे. अमेरिकेत या निबंधाचे मार्गदर्शन करणारे खासगी सल्लागार तासाला शेकडो डॉलर घेतात, आणि दोन-तीन वर्षांच्या पूर्ण ‘तयारी’साठी हजारो डॉलर मोजणारी कुटुंबे आहेत. विषय शोधून देणे, आराखडा करणे, सात-आठ वेळा दुरुस्त्या करणे, आणि हे सर्व करूनही मजकूर सतरा वर्षांच्या मुलाने सहज लिहिल्यासारखा वाटावा याची काळजी घेणे, अशी ही सेवा असते. निरागसता तयार करून विकण्याचा हा धंदा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याचा पुरावा आहे काय? काही अंशी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या ६०,००० अर्जदारांच्या २,४०,००० निबंधांचा अभ्यास स्टॅनफर्डमधील संशोधकांनी केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधातील विषय व भाषा यांचा कुटुंबाच्या उत्पन्नाशी असलेला संबंध हा सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांचा उत्पन्नाशी असलेल्या संबंधापेक्षाही घट्ट आढळला. वास्तविक सॅट परीक्षा श्रीमंतांना धार्जिणी म्हणून बदनाम झाली होती, आणि २०२१ पासून या विद्यापीठाने तिचे गुण विचारात घेणेच बंद केले. परीक्षा गेली, निबंध राहिला. दुसरा अभ्यास राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा, २०२३ चा. सर्वांत नामवंत अशा बारा खासगी संस्थांविषयी त्यांनी दाखविले की, परीक्षेतील गुण समान असतानाही वरच्या एक टक्का उत्पन्नगटातील मुलगा मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोहोचतो. यात माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना मिळणारे झुकते माप आणि खेळाडूंची भरती यांचा वाटा मोठा आहे. परंतु अभ्यासाबाहेरील गुणांचे जे मूल्यमापन होते, त्याचाही आहे.

न्यू जर्सीतील आपल्या त्या नातवाला मदतीची वाण नाही. आई-वडील दोघेही पदवीधर, घरात पुस्तके, प्रसंगी सल्लागाराला देण्याइतके पैसे. मदत म्हणजे नेमके काय हे समजावून घ्यावयाचे तर जिथे ती मुळीच नाही अशा घराकडे पाहिले पाहिजे. त्यासाठी त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, फ्रेझ्नोच्या परिसरात जाऊ. अमेरिकेत पिकणारा बेदाणा बहुतांशी याच भागात तयार होतो. आपल्याकडे तासगावला द्राक्षे छपराखालच्या जाळ्यांवर वाळवितात. तिथे पुष्कळ ठिकाणी जुन्या पद्धतीप्रमाणे वेलींच्या ओळींमध्ये जमिनीवर कागद पसरतात, त्यावर घड मांडतात आणि ऑगस्टअखेरीच्या, सप्टेंबरच्या उन्हावर सोडून देतात. त्या दोन-तीन आठवड्यांत पाऊस आला तर पीक गेले. हे काम करणारे मजूर मुख्यतः मेक्सिकोतून आलेले. त्यांच्यापैकी काहींची घरची भाषा स्पॅनिशही नाही. वाहाका प्रांतातील मिक्स्तेक ही त्यांची बोली.

समजा, अशा एका घरातील सतरा वर्षांची मुलगी आहे. अशा मुली तिथे हजारोंनी आहेत. ही त्यांच्यावरून कल्पिलेली. गणितात हुशार, वर्गात पहिल्या काहींत. तिच्या शाळेत विद्यार्थी-सल्लागार आहे. परंतु त्यांच्या व्यावसायिक संघटनेने २५० विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सुचविले असताना साऱ्या देशाची सरासरी अजून साडेतीनशेच्या वर आहे, आणि त्याच सल्लागाराला वेळापत्रके, भांडणे, आजारपणे हे सारे पाहावयाचे असते. मुलीच्या वाट्याला वर्षाकाठी काही मिनिटे येतात. अर्जाची मुदत संपत येते. ती प्रश्न वाचते आणि निष्कर्ष काढते की, आपल्यापाशी लिहिण्याजोगे काहीच नाही. वादविवाद मंडळ नाही, पियानो नाही, परदेशात जाऊन केलेली समाजसेवा नाही.

इथे कुणीतरी प्रौढ माणूस तिच्या शेजारी येऊन बसतो. निवृत्त शिक्षिका असेल, सार्वजनिक वाचनालयातील कर्मचारी असेल, नाहीतर त्याच गावातून विद्यापीठात गेलेला विशीतला तरुण असेल. त्याने काय करावे?

पहिल्या भेटीत कागद काढू नये. प्रश्नपत्रिकाही बाजूला ठेवावी. ‘तुझ्या आयुष्यातील महत्त्वाचा प्रसंग सांग’ असे विचारले की मूल घाबरते, कारण महत्त्वाचे म्हणजे वर्तमानपत्रात येण्याजोगे, अशी त्याची समजूत असते. त्यापेक्षा गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलेस, असे विचारावे. ‘काही नाही’ हे पहिले उत्तर. मग थांबावे. शांतता असह्य झाली तरी ती आपण बोलून भरून काढू नये; शिक्षकी पेशातील माणसाला हे फार जड जाते. हळूहळू मंगळवार उलगडतो. धाकट्या भावाला शाळेतून आणले, भात टाकला, आईला घेऊन दवाखान्यात गेले, तिथे बोलणे करून दिले. ‘बोलणे करून दिले म्हणजे?’ आईला इंग्रजी येत नाही. डॉक्टर बोलतात ते ती सांगते, आई बोलते ते डॉक्टरांना सांगते. ‘केव्हापासून?’ दहाव्या वर्षापासून. आणि मग, न विचारता, ती सांगते की, चौदाव्या वर्षी एकदा डॉक्टरांनी सांगितले ते तिने आईला तसेच्या तसे सांगितले नव्हते. थोडे सौम्य करून सांगितले होते.

शेजारी बसलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय येते, हे प्रामाणिकपणे ओळखले पाहिजे. निबंध सापडला, असे येते. दवाखाना, दोन भाषा, चौदा वर्षांची मुलगी, लपविलेले सत्य! असा मजकूर वाचून प्रवेश-अधिकारी खुर्चीत सरळ होऊन बसेल. सल्लागाराने तर तिथल्या तिथे शीर्षकही सुचविले असते.

परंतु योग्य प्रश्न निराळा आहे. ‘आईला हे ठाऊक आहे का?’ एवढेच विचारावे. तिला ते ठाऊक नाही. आईला जे सांगितले नाही ते अनोळखी वाचकाला आधी सांगावे काय, याचा निर्णय त्या मुलीचा. तिने तो घेतला असे समजा: हे लिहावयाचे नाही. मदत करणाऱ्याला वाटते की, मुलीने हातचे सोने टाकून दिले. वाटू द्यावे, बोलू नये. ती दुसरे काही सांगते. बेदाणा वाळत असताना ती रोज पहाटे पावसाच्या शक्यतेचे आकडे पाहते. शंभरात वीस म्हणजे काय, हे तिने वडिलांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. वडील म्हणाले, ‘पाऊस येईल तरी किंवा येणार नाही, वीस टक्के पाऊस आम्ही कधी पाहिलेला नाही.’ या उत्तरावर ती दोन वर्षे विचार करीत आहे. तिला संख्याशास्त्र शिकावयाचे आहे ते त्यामुळे. वडिलांचे म्हणणे चूक कसे हे तिला सांगता येते, पण ते पूर्णपणे चूक आहे असे तिला वाटत नाही.

या निबंधात अश्रू नाहीत. परंतु त्यात एक चालते-बोलते डोके आहे, आणि महाविद्यालयाला वस्तुतः तेच पाहावयाचे असते किंवा असावयास हवे.

दुसऱ्या भेटीत कागद येतो. पहिला खर्डा वाईट असतो. मुलीने शाळेत शिकविलेले सगळे अलंकार त्यात घातलेले असतात आणि वडिलांचे उत्तर शेवटच्या ओळीत कोंबलेले असते. इथे मदत करणाऱ्याच्या हातात लेखणी असू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. मुलीला खर्डा मोठ्याने वाचावयास सांगावा. जिथे ती अडखळते तिथे बहुधा वाक्य तिचे नसते. समासात लिहावयाचेच असेल तर प्रश्न लिहावेत: ‘कागदाचा वास कसा असतो?’, ‘वडील हे बोलले तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?’, ‘हा शब्द तू एरवी वापरतेस का?’ व्याकरणाची चूक दाखवावी, कारण चुकीपायी तिचे नुकसान होऊ नये. परंतु तिचे वाक्य खोडून आपले घालू नये. आपले वाक्य अधिक चांगले असते हाच धोका आहे. एकदा ते घातले की मुलीला आपले बाकीचे लेखन फिके दिसू लागते, आणि पुढची वाक्ये ती आपल्याकडे मागू लागते. निबंध सुधारतो आणि लिहिणारी दुबळी होते. मर्यादा ३५० शब्दांची असल्याने खर्ड्यातून पुष्कळ काढून टाकावे लागते. काय काढावे हे तिला ठरवू द्यावे; काढण्यात जी निवड असते तीत लिहिणारा सर्वांत स्पष्ट दिसतो.

एक साधी व्यावहारिक गोष्ट राहता कामा नये. सामायिक अर्जात उद्योगांसाठी दहा जागा असतात आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा त्यातील एक मान्य प्रकार आहे. भावाला सांभाळणे, आईसाठी दुभाषेपण करणे हे आठवड्याला किती तास, ते तिथे आकड्यात लिहिता येते. ज्या दवाखान्याविषयी निबंधात लिहावयाचे नाही त्याचे काम इथे दोन ओळींत, भावनेवाचून नोंदविता येते. गरीब घरातील पुष्कळ मुले या जागा रिकाम्या ठेवतात, कारण घरकामाला काम म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुःखाच्या बाजाराविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांच्याविरुद्धच्या दाव्यांत निकाल देऊन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बेकायदा ठरविली. त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्‌स यांनी असेही म्हटले की, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिल्यास विद्यापीठाने ते विचारात घेण्यास हरकत नाही. मात्र ते त्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक धैर्याशी वा निश्चयाशी जोडलेले असावे. या एका परिच्छेदाने निबंधावरचे ओझे किती वाढविले याची कल्पना करा. जो अन्याय समाजाचा इतिहास म्हणून ग्राह्य नाही, तो आता सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलाने आपापल्या घरातून, पुराव्यासारखा, उचलून आणून वाचकापुढे ठेवावयाचा; आणि वर त्यातून आपण कसे धैर्याने तावून-सुलाखून निघालो हेही दाखवावयाचे. संघटित मागणीची जागा वैयक्तिक करुणकथेने घेतली की काय होते, ते समाजवादी विचाराच्या माणसाला निराळे सांगावयास नको. याची परिसीमा २०१८ मध्येच दिसली होती. लुइझियाना राज्यातील एका लहान खासगी शाळेतून कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठमोठ्या विद्यापीठांत जात होते आणि तिचे देशभर कौतुक चालले होते. तिथे अर्जांत हालअपेष्टांच्या कथा पदरच्या घातल्या जात होत्या, असे वृत्तपत्रीय शोधातून उघडकीस आले. त्या मुलांची खरी आयुष्ये बाजारभावाला उतरत नव्हती. म्हणून अधिक दुःखी आयुष्ये बनविली गेली. त्यात दोष शाळेचा होताच, पण अशा कथांना गिऱ्हाईक होते हेही विसरता येत नाही.

मग निबंधच काढून टाकावा, निव्वळ गुणांवर प्रवेश द्यावा, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रातील श्रोत्याला तर हे सहज सुचते. आपल्याकडे अकरावी असो वा अभियांत्रिकी, संगणक गुण पाहतो, पसंतीक्रम पाहतो आणि जागा देतो. तू कोण, असे मुलाला कोणी विचारत नाही. यात एक रोखठोक न्याय आहे खरा. परंतु त्या गुणांसाठी लातूरला आणि कोट्याला मुलांचे काय होते आणि पालकांची किती जमीन गहाण पडते, हे ज्याला ठाऊक आहे तो या न्यायाचे फार कौतुक करणार नाही. मायकेल सँडेल यांनी २०२० मध्ये सुचविले की, पात्रतेची एक पायरी ठरवावी आणि ती ओलांडणाऱ्यांत सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात. सूचना विचारार्ह आहे. नशिबाला नशीब म्हटल्याने निदान विजेत्याचा अहंकार आणि पराजिताची लाज कमी होईल. परंतु धोरण बदलेल तेव्हा बदलेल. फ्रेझ्नोच्या मुलीची मुदत येत्या हिवाळ्याच्या तोंडावर संपते.

नोव्हेंबर २०२२ पासून एक नवा मदतनीस बाजारात आला आहे: मागितला तो मजकूर क्षणात लिहून देणारे यंत्र. पुष्कळांना वाटले की, आता सल्लागाराची मक्तेदारी मोडली, गरिबालाही फुकट लेखनिक मिळाला. परंतु या यंत्रांच्या निबंधांची तुलना खऱ्या अर्जदारांच्या निबंधांशी केली असता ते अधिक सुस्थितीतील मुलग्यांच्या लेखनाशी सर्वाधिक जुळणारे आढळले. म्हणजे गरीब मुलीला मिळणार तो आवाज पुन्हा श्रीमंताच्या मुलाचाच. सामायिक अर्जाच्या नियमांनुसार यंत्राचा मजकूर आपला म्हणून देणे ही फसवणूक ठरते. ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये निबंधाला अंक देणेच थांबविले. यंत्रे आणि सल्लागार या दोहोंमुळे निबंध लेखनकौशल्याचे माप राहिला नाही, असे त्यांचे कारण. यंत्राला मंगळवारविषयी विचारले तर तेही प्रश्न विचारू शकते, हे मान्य करावे लागेल. पण मुलीने दवाखान्याची गोष्ट सांगून झाल्यावर खाली पाहिले, हे त्याला दिसत नाही.

विद्यापीठांकडून मागावयाचे ते मागितलेच पाहिजे: कमी निबंध, साधे प्रश्न, आणि शाळांत पुरेसे सल्लागार नेमण्यासाठी सार्वजनिक पैसा. लॉस एंजेलिसच्या एकट्या आवारासाठी २०२४ मध्ये प्रथम वर्षाचे १ लाख ४५ हजारांहून अधिक अर्ज आले. एवढ्या ढिगात एका अर्जाच्या वाट्याला किती मिनिटे येत असतील, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. त्या मिनिटांसाठी कुटुंबांनी हजारो डॉलर मोजावेत, ही अपव्ययाची व्यवस्था आहे.

परंतु दरम्यान ऐकणाऱ्या माणसांची वाटणी तरी बरी करता येईल. अमेरिकेतील मराठी मंडळांतून शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात, गणेशोत्सव होतो, दिवाळी अंक निघतात. त्या मंडळांत निवृत्त शिक्षक आहेत, दोन अर्ज पार पाडून अनुभवी झालेल्या आया आहेत. त्यांच्या उपनगरापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर अशा सार्वजनिक शाळा आहेत की, जिथे पहिल्यांदाच महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या घरांतील मुले शिकतात. ऑक्टोबरमधील चार संध्याकाळी तिथल्या वाचनालयात जाऊन बसण्यास पैसे लागत नाहीत. शाळेच्या परवानगीने, मोकळ्या जागेत, आणि वर सांगितलेली पथ्ये पाळून, एवढे सांभाळले म्हणजे झाले. आपली मुले आणि ती मुले एकाच प्रवेशासाठी स्पर्धेत आहेत, ही शंका काहींच्या मनात येईल. ती उघडपणे बोलून दाखविणारा माणूस ती मनात ठेवणाऱ्यापेक्षा बरा.

आणि ते दुखावलेले आजोबा? त्यांनी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ विसरून जावा. त्या काळी निबंध मार्गदर्शकातून पाठ केले जात आणि पावसाचे वर्णन ज्याने पाऊस पाहिला नाही त्यालाही करता येई. त्यांच्यापाशी घरातील दुसऱ्या कोणापाशी नसलेली एक गोष्ट आहे: त्यांना कुठे जावयाचे नाही. आई-वडिलांना निकालाची घाई आहे. आजोबांना फार तर संध्याकाळच्या फेरफटक्याची. त्यांनी नातवाला बरोबर घ्यावे आणि गेल्या मंगळवारी काय केलेस, असे विचारावे. नातवाचे मराठी तोकडे, आजोबांना त्याचे इंग्रजी झेपत नाही. त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा, साधी करून, मोठे शब्द टाळून सांगावी लागेल. आजोबा मध्येच विचारतील, ‘म्हणजे नक्की काय झालं?’ आणि त्याला ती तिसऱ्यांदा सांगावी लागेल.